जुन्या जागेवरची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी नऊला छत्री घेऊन गावच्या वाचनालयात जायचे आणि जेवायच्या वेळेलाच परतायचे, हा आमच्या आप्पांचा निवृत्तीनंतरचा परिपाठ. मी चार दिवसांसाठी माहेरी आले होते. त्या दिवशी आप्पा साडेदहालाच घरी आले. छत्री कोपऱ्यात उभी केली आणि झोपाळ्यावर न बसता सरळ आतल्या खोलीत जाऊन पडले. मी चहा घेऊन गेले, तर आढ्याकडे बघत म्हणाले, ‘‘अगं, माझं डोकं चालेनासं झालंय वाटतं. रोजचंच काम, पण आज हाताला काही सापडेचना. थोरल्या दादाचंही असंच सुरू झालं होतं.’’

थोरल्या काकांची शेवटची चार वर्षे विस्मरणाच्या आजारात गेली. त्यामुळे ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. दुपारी पाऊस ओसरल्यावर मी आप्पांना घेऊन वाचनालयात गेले आणि तिथला संगणक सुरू केला. सभासदांच्या नोंदी, पुस्तकांची देवघेव, वर्गणी हे सारे तिथे एका प्रोग्रॅमवर चालते. त्याचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. कालपर्यंत पडद्याच्या डाव्या हाताला ‘सभासद, पुस्तके, देवघेव, वर्गणी’ अशी शब्दांची सरळ यादी होती. आज ती नव्हती. वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन आडव्या रेघा होत्या. त्यांवर टिचकी मारली की यादी उघडायची, आणि त्या यादीतही शब्दांच्या जागी चित्रे. ‘देवघेव’ म्हणजे एकमेकांकडे पाठ केलेले दोन बाण. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरे फिकट राखाडी. प्रोग्रॅमने रात्रीतून आपली नवी आवृत्ती स्वतःच उतरवून घेतली होती.

आप्पांचे डोके शाबूत होते. ते झोपलेले असताना कोणीतरी त्यांच्या खोलीतले सामान हलवले होते, एवढेच. हे कळल्यावर ते मोकळे हसले. मला मात्र हसू येईना. ज्या माणसाने २००२ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, सरकारी कचेरीतून सुटल्यावर संध्याकाळी पोरासोरांच्या शेजारी बसून एमएस-सीआयटीचा वर्ग केला, ‘स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग अॅक्सेसरीज’ हे पाढ्यांसारखे घोकले, परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून देवघराशेजारी लावले, त्या माणसाला एका सकाळी कोणीतरी पुन्हा निरक्षर करून ठेवले होते. वर त्याचा दोष त्याने स्वतःच्याच माथी घेतला होता.

हे काही आप्पांपुरते नाही. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. वस्तू नीट चालली नाही की माणूस वस्तूला नव्हे तर स्वतःला बोल लावतो, हे त्यात त्याने सविस्तर मांडले आहे. दार ढकलायचे की ओढायचे हे कळले नाही, तर आपण दार बनवणाऱ्याला मूर्ख म्हणत नाही. इकडेतिकडे बघून ओशाळतो. संगणकापुढे तर हे ओशाळेपण दसपट होते, कारण शेजारी बसलेल्या नातवाला ते सहज जमत असते.

संगणकाच्या पडद्यावर आपल्याला दिसणारी बटणे, याद्या, चित्रे आणि खिडक्या या सगळ्यांना मिळून इंटरफेस म्हणतात. मला विचाराल तर ती संगणकाची ओसरी. आतल्या माजघरात काय चालले आहे ते पाहुण्याला दिसत नाही, त्याचा सारा व्यवहार ओसरीवर. ही ओसरी किती वेळा मोडून बांधावी आणि किती जपावी, हा प्रश्न वरवर इंजिनिअर मंडळींच्या बैठकीतला वाटतो. पण आज बँकेची खिडकी, रेल्वेचे आरक्षण, सोसायटीचे हिशेब, मुलांची फी हे सारे याच ओसरीवरून होते. तेव्हा तो आपल्या घरातलाही प्रश्न आहे.

आधी एक कबुली देऊन टाकते. सारखेपणा हा काही अनादी काळापासून चालत आलेला धर्म नाही. तोही एके काळी नवाच होता. १९८०च्या दशकात ज्यांनी संगणकावर काम केले त्यांना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमचे राज्य वेगळे आणि कायदा वेगळा. वर्डस्टारमध्ये मजकूर साठवायचा तर कंट्रोल धरून के आणि मग एस. वर्डपरफेक्टमध्ये त्यासाठी एफ-१० ही कळ. लोटस वन-टू-थ्रीमध्ये आधी तिरकी रेघ दाबायची, मग पुढची अक्षरे. एका प्रोग्रॅममध्ये कमावलेले शहाणपण दुसऱ्याच्या उंबरठ्यावर गळून पडायचे. कळफलकाच्या वरच्या कडेला कळांच्या अर्थाची पट्टी चिकटवलेली असायची, ती त्याचसाठी.

यातून बाहेर पडण्याची वाट दाखवली ती झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्राने. १९८१ साली त्यांनी ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतल्या टेबलासारखे चित्र होते. त्यावर कागद होते, कागद ठेवायच्या फायली होत्या. ‘डेस्कटॉप’ हा शब्द आपल्या तोंडी बसला तो या टेबलाच्या कल्पनेमुळे. स्टार महाग होता, तो फारसा खपला नाही. पण कल्पना खपली. अॅपलने १९८३ साली ‘लिसा’ आणि १९८४ साली ‘मॅकिंटॉश’ आणला. झेरॉक्समधून अॅपलमध्ये गेलेल्या लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाने कापा-चिकटवाची रीत घडवण्यात मोठा वाटा उचलला होता. कापण्यासाठी एक्स, नक्कल करण्यासाठी सी, चिकटवण्यासाठी व्ही आणि झालेली चूक मागे घेण्यासाठी झेड, या शेजारशेजारच्या चार कळा लिसाच्या काळात ठरल्या. पुढे विंडोजनेही त्या घेतल्या. टेस्लर २०२० साली वारले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले, आणि ते लिहिणाऱ्यांनी लिहिता लिहिताच या कळा कितीदा तरी दाबल्या असतील.

या चार कळांचे थोरपण असे की त्या कधी बदलल्या नाहीत. यंत्र बदलले, कंपन्या बदलल्या, पडदे रंगीत झाले, पण करंगळी आणि तर्जनी यांचा तो करार मोडला नाही. आणि करार मोडला नाही म्हणूनच वर्डमध्ये शिकलेली बाई एक्सेलमध्ये, एक्सेलमधून ई-मेलमध्ये न बिचकता जाऊ शकली. तानपुऱ्याचा षड्ज हलत नाही म्हणून गायकाला तान घेता येते. सारखेपणाचे मोल नेमके हेच आहे, आणि नवे काही करू पाहणाऱ्यालाच त्याची अधिक गरज असते.

हा करार हाताशी असतो, डोक्याशी नव्हे. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. फोडणी करताना तेल तापलेले असते, हात आपोआप मोहरीच्या वाटीकडे जातो, मग हळद, मग हिंग. आता समजा, घरात एक हुशार सून आली. ती म्हणाली, ‘‘आई, तुम्ही या महिन्यात जिरे जास्त वापरले, म्हणून मी जिऱ्याची वाटी पुढे आणली. मेथ्या फारशा लागत नाहीत, त्या खालच्या कप्प्यात टाकल्या. दर आठवड्याला मी असा हिशेब करून डबा लावत जाईन.’’ हेतू वाईट नाही, हिशेबही बिनचूक. पण त्या घरातली फोडणी दर आठवड्याला करपणार!

हा प्रयोग खरोखर झाला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २०००मध्ये मेन्यू उघडला की तुम्ही नेहमी वापरता तेवढ्याच आज्ञा दिसायच्या, बाकीच्या दडवलेल्या असायच्या. वापराप्रमाणे यादी आपली आपण बदलायची. कल्पना चतुर होती. पण माणूस यादीतल्या आज्ञा वाचून शोधत नाही, वरून चौथी, खालून दुसरी अशा जागेवरून शोधतो. जागाच फिरू लागली तर प्रत्येक वेळी वाचणे आले. लोक वैतागले, जाणते लोक ही सोय बंद करून ठेवू लागले, आणि पुढे मेन्यूंबरोबर तीही गेली.

मग काही बदलूच नये का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आज आपण ज्याला जुने आणि परिचयाचे म्हणतो ते स्टार्ट बटण २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५बरोबर आले. त्याआधीच्या विंडोजमध्ये ते नव्हतेच. म्हणजे लक्षावधी लोकांचे हात त्या दिवशीही मोडून पुन्हा घडवावे लागले. तरी लोकांनी ते हौसेने स्वीकारले. का? त्यामागची हकीकत बोधप्रद आहे. विंडोज ९५ घडत असताना मायक्रोसॉफ्टने नवख्या माणसांना संगणकापुढे बसवून त्यांची धडपड पाहिली. साधा प्रोग्रॅम सुरू करणेसुद्धा त्यांना अवघड जात होते. एका टप्प्यावर पडद्याच्या तळाशी तीन बटणे होती. पुढे त्यांचे एकच झाले, त्यावर ‘सिस्टिम’ असे लिहिलेले होते. त्यावर कोणी टिचकीच मारीना. मग त्यावर ‘स्टार्ट’ लिहिले आणि गाडी चालू लागली. संगणक बंद करण्यासाठी ‘सुरू करा’ हे बटण दाबायचे, या विसंगतीवर पुढे विनोद झाले. पण नवख्याला सुरुवात कुठून करायची ते कळले, हे महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोज ३.१मधला जुना ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ही विंडोज ९५मध्ये शिल्लक ठेवला होता. ज्याला नवी ओसरी रुचत नसेल त्याने जुन्या दाराने यावे. फार थोडे त्या दाराने आले असतील, पण दार होते.

आता सतरा वर्षे पुढे या. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आले आणि डाव्या कोपऱ्यातले ते बटणच काढून टाकले गेले. त्याच्या जागी सबंध पडदा व्यापणारे रंगीत चौकोन आले. कारण नव्हते असे नाही. अॅपलचा आयपॅड २०१० साली आला होता, लोक पडद्याला बोटाने स्पर्श करू लागले होते, आणि एकच व्यवस्था टेबलावरच्या संगणकावर व हातातल्या पाटीवर चालावी असे मायक्रोसॉफ्टला वाटत होते. लोक स्टार्ट मेन्यू पूर्वीपेक्षा कमी वापरतात, असे आकडेही त्यांच्याकडे होते. पण घराच्या मागच्या दाराची कडी दिवसातून दोनदाच निघते म्हणून ते दार भिंतीत बुजवायचे नसते. किती वेळा वापरले हे मोजता येते. त्याच्यावर किती भिस्त आहे, हे मोजता येत नाही.

ज्यांच्या टेबलावर स्पर्शाचा पडदाच नव्हता, माउसच होता, ते गोंधळले. संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग तिथून एक पट्टी सरकत येणार, त्यातून सेटिंग्ज, त्यातून पॉवर. पडद्यावर ज्याची खूणही नाही अशा जागी जाऊन थांबायचे, हे सुचावे तरी कसे? जुन्या धाटणीकडे परतण्याची अधिकृत सोय नव्हती. तेव्हा ‘क्लासिक शेल’सारखे बाहेरच्यांनी बनवलेले फुकट प्रोग्रॅम लोकांनी शोधून शोधून बसवले, केवळ एक बटण परत मिळावे म्हणून! वर्षभरात, ऑक्टोबर २०१३मध्ये, विंडोज ८.१बरोबर बटण परतले. जुलै २०१५मध्ये विंडोज १०बरोबर मेन्यूही परतला. २०२१च्या विंडोज ११ने बटण कोपऱ्यातून मधोमध आणले, पण यावेळी ते डावीकडे नेण्याची सोय पहिल्या दिवसापासून दिली. कंपनी शहाणी झाली असे म्हणायला हरकत नाही. मात्र त्या शहाणपणाची फी लोकांनी भरली.

एकट्या मायक्रोसॉफ्टला झोडपण्यात अर्थ नाही. अॅपलनेही २००० साली मॅक ओएस एक्सची पहिली जाहीर चाचणी केली तेव्हा डाव्या कोपऱ्यातला अॅपल मेन्यू काढून सफरचंदाचे चित्र मधोमध निव्वळ शोभेला ठेवले होते. लोकांनी ओरड केली आणि २००१ साली पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद आपल्या जागी कामाला हजर झाले. लिनक्सच्या मोफत जगातही २०११ साली ‘ग्नोम ३’ आल्यावर जुन्या ‘ग्नोम २’वर जीव असलेल्यांनी ते जुने रूप ‘माटे’ या नावाने वेगळे काढून चालू ठेवले. पैशाचा लोभ नाही, बाजाराची घाई नाही, तरी चूक तीच. तेव्हा हा दोष लोभाचा नसावा. निर्मात्याला आपली जुनी निर्मिती रोज बघून बघून कंटाळा येतो; वापरणाऱ्याला ती कुठे दिसतच नसते, तो तिच्यातून आपल्या कामाकडे बघत असतो. चष्मा बनवणाऱ्याला काचेचा कंटाळा येतो, घालणाऱ्याला नव्हे.

आता दुसरी बाजूही पाहू, कारण ओरड झाली म्हणजे बदल चुकलाच असे नाही. ऑफिस २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने मेन्यू काढून वर बटणांची रुंद पट्टी आणली, तिला रिबन म्हणतात. तेव्हाही शिव्याशाप झाले. पण त्यामागे खरी अडचण होती. वर्डमध्ये इतक्या सोयी साठत गेल्या होत्या की लोक ज्या नव्या सोयी मागत त्यांतल्या कितीतरी आधीच आत होत्या. त्या मेन्यूच्या बोळांत हरवल्या होत्या. रिबनने त्या उजेडात आणल्या. जुने मेन्यू परत दिले नाहीत, ही कसूर खरीच. पण एक सौजन्य पाळले, ते लोकांना फारसे ठाऊक नाही. एक्सेलमध्ये जुन्या मेन्यूतून ‘पेस्ट स्पेशल’कडे जायला ऑल्ट, मग ई, मग एस अशा कळा होत्या. तो मेन्यू २००७ साली गेला, पण त्या कळा अजूनही चालतात. हिशेबनिसाच्या बोटांना मेन्यू गेल्याचा पत्ताच लागला नाही.

उलटपक्षी, सारखेपणाच्या नावाखाली जुन्या चुकाही जपल्या जातात. मॅकिंटॉशवर यंत्रातली फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचे चित्र ओढून कचऱ्याच्या टोपलीत टाकायचे, अशी एक रीत होती. नवख्याच्या छातीत धडकी भरायची की माझे सगळे काम पुसले जाणार! ही रीत वर्षानुवर्षे टिकली, कारण जुन्यांच्या हाताला तिची सवय होती. पुढे मॅक ओएस एक्समध्ये यावर सुरेख तोड काढली. चकती ओढू लागताच टोपलीचे चित्र बदलते आणि तिथे ‘बाहेर काढा’ची खूण येते. जुन्याचा हात तिथेच जातो, नव्याची भीती जाते. या विषयावर मला कोणी एकच उदाहरण मागितले तर मी हे देईन. नवेपणा आणि सारखेपणा यांचे भांडण असलेच पाहिजे असे नाही. कुणीतरी थोडे अधिक कष्ट घ्यावे लागतात, इतकेच.

मराठीपुरते बोलायचे तर हे कष्ट आपल्याकडेही कोणी तरी घेतले आहेत. तहसील कचेरीबाहेर, कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसणारी मंडळी आठवा. अर्धे अक्षर आणि त्याला काना जोडून पूर्ण अक्षर करायचे, अशा त्या यंत्राच्या फलकावर त्यांची बोटे पोटासाठी घडलेली. १९८६ साली भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक आला. त्याची रचना तर्कशुद्ध आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, जिथे क तिथेच शिफ्ट धरून ख. शिवाय देवनागरीत जिथे क, तिथेच गुजरातीत, बंगालीत, तमिळमध्येही त्या भाषेचा क. पण भाषाभाषांमधला हा सारखेपणा साधताना टंकलेखकाच्या बोटांशी असलेला जुना करार मोडत होता. म्हणजे इथे दोन सारखेपणाच एकमेकांपुढे उभे ठाकले. यावर आपल्याकडच्या बहुतेक मराठी सॉफ्टवेअरांनी मार्ग काढला तो साधा. इनस्क्रिप्ट ठेवा, टाइपरायटरचा फलकही ठेवा, आणि इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्यांसाठी तिसराही ठेवा. ज्याने त्याने आपला निवडावा. ही सोय नसती तर संगणक आला त्या दिवशी कित्येक टंकलेखकांच्या हातातली विद्या मातीमोल झाली असती.

पूर्वी आणि आता यांत एक फरक मात्र पडला आहे, आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. पूर्वी नवी आवृत्ती विकत आणावी लागे. ज्याला नको त्याने आणू नये. जुने प्रोग्रॅम वर्षानुवर्षे निमूट चालत. आता बदल रात्री, न विचारता, दारातून आत येतो. तो नाकारायचा म्हटले तरी सोय नसते, कारण संगणकाला चोरांपासून वाचवणारी दुरुस्ती आणि पडद्यावरची नवी रंगरंगोटी एकाच पुडीत बांधून येतात. कुलूप बदलून हवे असेल तर भिंतींचा रंगही आम्ही ठरवू, असा हा सौदा. या दोन गोष्टी वेगळ्या पुड्यांत द्या, ही मागणी ग्राहकांनी आणि मोठ्या प्रमाणावर सॉफ्टवेअर घेणाऱ्या सरकारी खात्यांनीही लावून धरायला हवी. बदलापूर्वी पुरेशी पूर्वसूचना, ठरावीक मुदतीपर्यंत जुने रूप वापरण्याची मुभा आणि सुरक्षेची दुरुस्ती वेगळी, इतक्या तीन अटी खरेदीच्या करारात घालणे अशक्य नाही. सामान्य माणूस एकटा हे म्हणू शकत नाही. खाते म्हणू शकते.

आणि जे हे प्रोग्रॅम घडवतात, त्यांत आता आपल्या पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुलेमुलीही पुष्कळ आहेत. त्यांना माझे एवढेच मागणे आहे. नवे जरूर करा. नवे केले नसते तर आम्ही अजून काळ्या पडद्यावर आज्ञा टंकत बसलो असतो. पण बदल करण्यापूर्वी, हा कोणाच्या अडचणीसाठी आहे, हे स्वतःला विचारा. अडचण वापरणाऱ्याची असेल तर पुढे व्हा. कंटाळा आपला असेल तर थांबा. आणि पुढे व्हाल तेव्हा पंचविशीतल्या मित्राबरोबरच सत्तरीतल्या एखाद्या माणसालाही त्या पडद्यापुढे बसवून, काही न सांगता, दहा मिनिटे नुसते बघत राहा. कोणत्याही आकडेवारीपेक्षा ती दहा मिनिटे अधिक सांगतील.

आप्पांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून नवा पडदा समजून घेतला. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक चित्र काढून पुढे शब्द लिहिला. आणि खरे सांगायचे तर नव्या आवृत्तीत एक सोय फारच चांगली होती. पुस्तकाच्या नावातला मधलाच एखादा शब्द आठवत असला तरी पुस्तक सापडत होते. सभासदांना नाव कधी पुरते आठवत नाही, त्यामुळे आप्पा खूश झाले. ‘‘हे मात्र बेस केलंय हो पोरांनी,’’ असे दोनदा म्हणाले.

संगणक बंद करून निघताना ते कपाटांपाशी थांबले. २०१४ साली त्यांनीच या वाचनालयाची मांडणी बदलली होती. त्याआधी पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली असत; कादंबरीशेजारी पाकशास्त्र आणि त्याच्याशेजारी ज्ञानेश्वरी. ती सगळी विषयवार लावायची ठरली. पण जुने सभासद न बघता आपापल्या कपाटाकडे जाणारे. तेव्हा आप्पांनी रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून जुन्या जागांवर उभे केले. पुठ्ठ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले, ‘इथली पुस्तके आता कपाट क्र. ७मध्ये.’ वर्षभर ते पुठ्ठे तिथे होते. सभासद सवयीने जुन्या जागी जात, पुठ्ठा वाचत आणि सातव्या कपाटाकडे वळत. काही महिन्यांनी ते पुठ्ठा न वाचताच वळू लागले. मगच आप्पांनी तो काढला.

एक पुठ्ठा अजून कपाटाच्या मागे पडलेला होता. तो उचलून त्यांनी त्यावरची धूळ झटकली, आणि दार ओढून घेता घेता म्हणाले, ‘‘सगळं चांगलं केलंय गं त्यांनी. पण जुन्या जागेवर एक चिठ्ठी ठेवायला काय झालं होतं?’’